योजनेचे कार्ड आहे, मग राखीव खाटा कशाला?

पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने एका गर्भवती स्त्रीकडे दाखल करून घेण्याआधी मोठी अनामत रक्कम मागितल्याच्या आरोपावरून 2025च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात जो वाद पेटला, तो आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अजून विझलेला नाही. माझे आतेभाऊ पुण्यात शल्यविशारद आहेत आणि आम्ही सगळी भावंडे त्यांना दादा म्हणतो. त्यांचे म्हणणे असे की, 2023च्या जुलैमधील शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना खुली केली आणि कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत झाले. तेव्हा धर्मादाय रुग्णालयांवरची राखीव खाटांची सक्ती आता काढून टाकावी. त्याला जोडून त्यांचे ठरलेले वाक्य येते: ‘अमेरिकेतही रुग्णालये व्यवसाय म्हणूनच चालतात, तुला तर माहीतच आहे.’ या वाक्याने माझा संताप होतो, कारण जे मला माहीत आहे ते नेमके याच्या उलट आहे.

आधी ही सक्ती म्हणजे काय ते पाहू. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली जी योजना ठरवून दिली, तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयाने 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, तर 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या आणि एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची. ही कुणावर केलेली मेहेरबानी नाही. या संस्थांना करांत सवलत मिळते आणि त्यांतील अनेकांना जमीनही नाममात्र दराने मिळालेली असते. समाजाने आधी दिले आहे आणि त्याच्या बदल्यात काय मिळते ते विचारण्याचा समाजाला हक्क आहे.

आता अमेरिका. मी शिकागोच्या पश्चिमेला, ओक पार्कमध्ये राहते. घराच्या प्रॉपर्टी टॅक्सचे बिल वर्षातून दोनदा येते आणि दुसरा हप्ता भरताना दर वेळी पोटात गोळा येतो. ज्या मोठ्या रुग्णालयांच्या इमारती आम्ही रोज पाहतो त्यांतील बहुतेक ना-नफा असल्यामुळे हा कर भरत नाहीत. एका अंदाजानुसार देशभरातील अशा रुग्णालयांना 2020 या एका वर्षात मिळालेली करसवलत सुमारे 28 अब्ज डॉलरची होती, तर त्यांनी मोफत किंवा सवलतीत दिलेल्या उपचारांचा खर्च सुमारे 16 अब्ज डॉलर होता. म्हणजे ही व्यवस्था आदर्श नाही, हे मला कुणी सांगायला नको. परंतु इथे तो फरक मोजला जातो, छापला जातो आणि न्यायालयात नेला जातो. अर्बाना येथील प्रोव्हेना कव्हेनंट या रुग्णालयात 2002 साली सुमारे 1,10,000 रुग्णभेटी झाल्या आणि त्यांपैकी केवळ 302 जणांना धर्मादाय उपचार मिळाले. एवढ्यावर मालमत्ता करातून सूट मागता येणार नाही, असा निकाल इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली दिला. त्यानंतर 2012च्या कायद्याने रुग्णालयाच्या समाजसेवेचे मूल्य किमान माफ झालेल्या कराइतके असले पाहिजे, असे ठरले. त्या कायद्यात पळवाटा आहेत, कारण समाजसेवेच्या खात्यात बरेच काही मोजता येते. तरीही तुलना कायद्यातच लिहिलेली आहे.

अमेरिकेच्या 2010च्या केंद्रीय कायद्याने आणखी एक गोष्ट बंधनकारक केली: प्रत्येक ना-नफा रुग्णालयाने दर 3 वर्षांनी आपल्या परिसराच्या आरोग्यविषयक गरजांची पाहणी करावी, ती जाहीर करावी आणि त्यावर काय करणार ते सांगावे. या पाहण्या मी वाचते. ग्रीन लाइन या लोकलने लूपकडे, म्हणजे शिकागोच्या मध्यवर्ती भागाकडे, जाताना पुलास्की स्थानक लागते. त्याच्या भोवतालच्या वेस्ट गारफिल्ड पार्कमध्ये सरासरी आयुर्मान 69 वर्षे आणि लूपमध्ये 85, असे रश विद्यापीठाच्या रुग्णालयाने स्वतःच मांडले होते. मग शेजारच्या रुग्णालयांना बरोबर घेऊन ‘वेस्ट साइड युनायटेड’ उभे राहिले आणि 2030पर्यंत ही दरी निम्मी करण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीरपणे स्वीकारले. त्यांच्या लेखी उपचारांइतकेच त्या वस्तीतील लोकांना रुग्णालयात नोकऱ्या देणे, तिथल्या व्यावसायिकांकडून खरेदी करणे हेही आरोग्याचेच काम आहे. उद्दिष्ट पुरे होईल की नाही ते पुढे दिसेल, पण कुणाला जाब विचारायचा हे आजच ठरलेले आहे.

यावर दादांनी आमच्या धाकट्या आत्याचे उदाहरण दिले. ती धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात राहते. तिच्या स्तनात गाठ होती. बार्शीला नेले, योजनेच्या कार्डावर शस्त्रक्रिया झाली, एक रुपयाही लागला नाही. दादांनी हे योजनेचे यश म्हणून सांगितले आणि आत्या आज आपल्यात आहे याचे श्रेय त्या कार्डाला मी मनापासून देते. पण आत्याने मला फोनवर जे सांगितले तेही इथे नोंदवायला हवे. गाठ हाताला लागली तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. ती दाखवायला गेली तोवर पुढची पेरणी होऊन गेली होती. मधल्या काळात गावच्या उपकेंद्रात ती रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी नेमाने जात होती. तिथे कुणी तिला तपासले नाही आणि तिनेही लाजेने सांगितले नाही. एक स्तन गेला, केमो झाली, मोलमजुरीचे एक वर्ष बुडाले आणि सोबतीला थांबलेल्या सुनेचेही कामाचे दिवस गेले. कार्ड दाखल झाल्यावर चालते. त्याआधीच्या महिन्यांत त्याचा काहीच उपयोग नव्हता आणि आजार कोणत्या टप्प्यावर सापडायचा हे त्याच महिन्यांत ठरून गेले.

शिकागोत हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला गेला. 1980च्या सुमारास या शहरात स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंच्या प्रमाणात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या स्त्रियांत फारसा फरक नव्हता. 2003पर्यंत कृष्णवर्णीय स्त्रियांमधील प्रमाण 68 टक्क्यांनी अधिक झाले. एवढ्या कमी वर्षांत कुणाची जनुके बदलत नाहीत. सायनाय आणि रश या रुग्णालयांतील संशोधकांनी हे आकडे मांडल्यावर रुग्णालये आणि वस्त्यांतील संघटना एकत्र आल्या, तेव्हा कारणे घराजवळ सापडली. दक्षिण आणि पश्चिम भागांत मॅमोग्रामची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीची, केंद्रे अपुरी होती, काढलेल्या फिल्म वाचायला त्याच विषयातला तज्ज्ञ नसे आणि शंकास्पद अहवालानंतर त्या बाईचा पाठपुरावा करणे हे कुणाचेच काम नव्हते. 2009 साली राज्याने कायदा केला, मॅमोग्रामसाठी रुग्णाच्या खिशातून जाणारी रक्कम बंद केली आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी विम्याकडून केंद्रांना मिळणारा दर वाढवला. त्यानंतरच्या काही वर्षांत इथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा मृत्यूदर इतर मोठ्या शहरांच्या तुलनेत ठळकपणे घटला. दरी संपलेली नाही. ती नियमांनी रुंदावली होती आणि नियमांनी अरुंद होऊ लागली, एवढे मात्र सिद्ध झाले.

दादा म्हणतील की अमेरिकेकडे पैसा आहे. म्हणून मी आमच्याच जिल्ह्याकडे येते. उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, 1999 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. त्यात 1,31,746 स्त्रिया सहभागी होत्या. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो त्याचा शोध घेणारी एचपीव्ही चाचणी आयुष्यात एकदा केली तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे 2009 साली त्यातून जगापुढे आले. तुलनेसाठी 31,488 स्त्रियांना तपासणीविना ठेवले होते आणि त्यावरून नैतिकतेचा मोठा वादही झाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने याच चाचणीला पहिली पसंती दिली. भारतात मात्र 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या स्त्रिया 1.9 टक्के निघाल्या आणि स्तनाची तपासणी झालेल्या तर 0.9 टक्के. ज्ञान आमच्या गावांतून निघाले, पण आमच्याकडे त्याचा नियम झाला नाही. ओक पार्कमध्ये मला ही चाचणी दर 5 वर्षांनी वेळेवर मिळते, विमा तिचे पैसे देतो आणि चुकली तर क्लिनिकमधून फोन येतो. तिच्या उपयुक्ततेचा पुरावा ज्या बायकांनी दिला, त्यांत माझ्या आजोळच्या शेजारणी असू शकतील. दर वेळी तपासणीच्या टेबलावर मला हे आठवते आणि मान खाली जाते.

‘तू तिकडे बसून बोलतेस’, असे दादा शेवटी म्हणालेच. ते खरे आहे. मी मतदान करते ते शिकागोच्या कुक काउंटीत, महाराष्ट्रात नाही. वेस्ट गारफिल्ड पार्कचे आयुर्मान मला तोंडपाठ आहे आणि कळंब तालुक्याचे कुठे छापलेले मला आजवर सापडलेले नाही. पुलास्कीला मी कधी उतरत नाही आणि कळंबला आता पाहुणी म्हणून जाते. अशा माणसाच्या बोलण्याला किती वजन द्यायचे ते वाचकांनी ठरवावे. पण आत्या मला परकी नाही आणि जिथे मी वाढले तिथल्या बायकांना उशिरा मिळालेल्या उपचारांबद्दल कृतज्ञ राहायला सांगितले जाते, तेव्हा मला गप्प बसवत नाही.

सक्ती काढण्याची गोष्ट करण्याआधी प्रत्येक धर्मादाय रुग्णालयाने दर वर्षी जाहीर करावे की राखीव खाटांवर कोणत्या तालुक्यांतून किती निर्धन रुग्ण आले, आणि कर्करोगाचे असतील तर ते कोणत्या टप्प्यावर आले. निर्धन रुग्ण निधीचा काही हिस्सा ज्या तालुक्यांतून उशिरा रुग्ण येतात तिथल्या तपासणीसाठी वापरण्याची सोय धर्मादाय आयुक्तांनी करावी आणि योजनेने शस्त्रक्रियेच्या दराबरोबर तपासणीचाही दर ठरवावा. दादा ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करतात तेही धर्मादायच आहे. तिथल्या यादीत कळंबच्या नावापुढे कोणता आकडा आहे, हे मी त्यांना गटावर विचारले आहे.