'बीएडला एआय कशाला?' वाल्या फॉरवर्डला उत्तर

परवापासून तीन ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं असं, की बीएडच्या पोरांना एआय शिकवायची गरजच नाही, कारण ही पिढी मोबाइल हातात घेऊनच जन्मलीय, पाठ टाचण (तासाला काय, कसं शिकवायचं त्याचा आराखडा) एआयच लिहून देतं, मुलांची कॉपी पकडायला, म्हणजे मजकूर एआयने लिहिलाय का ते सांगायला, डिटेक्टर आहेत, आणि उरलेलं कम्प्युटरचे सर बघतील. मी छात्राध्यापकांचे, म्हणजे बीएडच्या पोरांचे, शाळेतले सराव पाठ बघते, म्हणून बोलतेय.

मोबाइलचं म्हणाल तर झकास रील बनवणाऱ्या एका मुलीला विचारलं, हे उत्तर एआय आणतं कुठून? म्हणे, गूगलवर शोधून देतं ना मॅडम. बऱ्याचदा ते शोधतच नाही गं बाई, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातं, म्हणून तर चुकतं तेही ठासून.

आता टाचण. सहावीच्या अपूर्णांकांच्या बेरजेचं एक आलं, एकदम टापटीप, उद्दिष्टं-बिद्दिष्टं जागच्या जागी, आणि आत 'अंश आणि हर'! अहो, हर हिंदीत, आपल्याकडे छेद. टाचण आणणारा बीएडचा पोरगा वर्गात तेच बोलला, मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बरं, शब्द बदलता येतो, खरी गोची पुढे झाली, एका मुलीने फळ्यावर १/२ + १/३ = २/५ लिहिलं. टाचणात ५/६ होतं, पण तिचं २/५ का आलं हे कुठे होतं? (वरचे वर मिळवले, खालचे खाली. तिच्या हिशोबाने बरोबरच.) अर्ध्यात भर घातली तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं गं, एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं, पण हा बिचारा टाचणाची पानं उलटत बसला. तेव्हापासून मी उलटं करून घेते, एआयलाच चुकणारा विद्यार्थी व्हायला सांगायचं, दहा चुकीची उत्तरं घ्यायची आणि प्रत्येक चुकीमागचं कारण छात्राध्यापकांनी शोधायचं. त्यातल्या दोनतीन चुका कुठलंच मूल करत नाही, त्याही ओळखायच्या.

डिटेक्टरबद्दल काय बोलावं! चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने स्वतःचाच डिटेक्टर जुलै २०२३ मध्ये बंद केला, एआयचा मजकूर २६ टक्केच पकडत होता. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे ९१ निबंध, माणसांनीच लिहिलेले, डिटेक्टरांना दिले तर सरासरी निम्म्याहून जास्त एआयचे ठरले. इंग्रजी मातृभाषा नसली की साधे, ठरावीक शब्द येतात, यंत्राला तेच खटकतं. आता आपल्या मराठी मीडियमच्या पोराचा इंग्रजी निबंध घाला त्यात.

आणि कम्प्युटरचे सर? केंद्राने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणायचं जाहीर केलंय. दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत कुठले आलेत कम्प्युटरचे सर, पहिली ते चौथी सांभाळणाऱ्या बाईच ते शिकवणार.

एक मात्र मान्य, एआयचा वेगळा शंभर मार्कांचा पेपर नकोच. पोरं गाईड आणून पाठ करतील. गणिताच्या, मराठीच्या अध्यापन पद्धतीतच घाला ते.