विहिरीचा उपसा आणि बांबूची मुळं : एका आक्षेपाला उत्तर

बांबूच्या मुळांमुळे मातीतला नायट्रोजन मोकळा होतो, असं मी माझ्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: बांबूच्या बनात चर खणून मातीचा एखादा तुकडा भोवतालच्या मुळांपासून तोडला, की काही महिन्यांनी त्यात अमोनियम आणि नायट्रेट, म्हणजे मुळांना उचलता येणारी नायट्रोजनची रूपं, वाढलेली सापडतात. मग मुळांमुळे नायट्रोजन मोकळा होतो हे मी कशावरून म्हणतो? मुळं तर नुसती ओरपतात.

आधी माझी चूक. लेखात एका ठिकाणी ‘मुळं नायट्रोजन तयार करतात’ असं वाक्य गेलं होतं. बांबू गवताच्या कुळातला, त्याच्या मुळांवर कडधान्यांसारख्या गाठी नसतात. मुळांलगतचे काही जीवाणू हवेतला नायट्रोजन थोडाफार बांधतात, पण मला ते म्हणायचं नव्हतं. वाक्य बदललं आहे.

मूळ मुद्दा मात्र मी सोडत नाही. उपसा थांबला की विहिरीची पातळी चढते; म्हणून झरे वाढले असं कोणी म्हणत नाही. मुळांचं ओरपणं हा उपसा, मातीत साठलेला नायट्रोजन ही पातळी आणि तो नव्याने सुटण्याचा वेग म्हणजे झरे. तुमच्या चरातला आकडा पातळीचा आहे, झऱ्यांचा नाही.

झरे कुठले? जिवंत मूळ सतत थोडी साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं बाहेर सोडतं. मातीतले सूक्ष्मजीव बहुतेक वेळा कार्बनसाठी उपाशी असतात. हा खुराक मिळाला की ते विकरं (पदार्थ फोडणारी प्रथिनं, एन्झाइम) सोडून जुना, मुरलेला सेंद्रिय पदार्थ फोडू लागतात. मग आदिजीव (एकपेशीय जीव) आणि सूत्रकृमी (बारीक धाग्यासारखे कृमी) त्यांतल्या जीवाणूंना खातात आणि स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त झालेला नायट्रोजन अमोनियमच्या रूपात टाकून देतात. मूळ शेजारीच असतं, ते लगेच उचलतं. जंगलाच्या मातीत अमोनियमचा कण बरेचदा जेमतेम एखादा दिवस टिकतो, त्यामुळे नुसतं मोजलं तर हाती फारसं लागत नाही. नेहमी असंच घडतं असं नाही, हेही कबूल. साखर भरपूर आणि नायट्रोजन तुटपुंजा असला तर सूक्ष्मजीव तो स्वतःच अडकवून ठेवतात आणि मुळाच्या वाट्याला कमी येतो.

झऱ्यांचा वेग मोजायचा तर जड नायट्रोजन वापरतात. नायट्रोजन-१५ हा नायट्रोजनचाच किंचित जड प्रकार निसर्गात जेमतेम ०.३७ टक्के असतो. तो वापरून बनवलेलं थोडं अमोनियम मातीत मिसळायचं आणि नव्याने सुटणाऱ्या साध्या नायट्रोजनमुळे ते किती लवकर विरळ होतं ते पाहायचं. मुळं असलेली आणि नसलेली माती या रीतीने तोलली तर आपला वाद पुढे सरकेल.

चरातलं वाढलेलं नायट्रेट तर मला माझ्याच बाजूचा पुरावा वाटतो. मुळं अमोनियम उचलेनाशी झाली, की ते नायट्रेट बनवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या हाती आयतं लागतं. नायट्रेट ऋणभारित, मातीचे कणही बहुतांशी तसेच, त्यामुळे ते पाण्याबरोबर सहज झिरपून जातं. माती चिंब झाली तर त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, आणि तो वायू १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो.

त्यात बांबूच्या बनात चराची गोष्ट आणखी बिकट. झाडाचं मूळ तोडलं तर ते मरून कुजतं, आणि त्यातला नायट्रोजनही तुमच्या आकड्यात मिसळतो. पण मोसोसारख्या पसरणाऱ्या बांबूचं मातीखालचं खोड तोडलं तरी त्या तुकड्यावर डोळे असतात, साठा असतो. तो जगू शकतो, कोंबही काढू शकतो. म्हणजे ‘मुळांविना’ म्हटलेला तुकडा तसा असतोच असं नाही. शिवाय याच खोडांतून एका बांबूचा नायट्रोजन दुसऱ्याकडे जातो, आणि चर नेमकी ती वाट तोडतो.

पालापाचोळ्याचं श्रेय मी मुळांना देतो, हा तुमचा दुसरा मुद्दा मला पटला नाही. पाचोळा वरून पडतो खरा, पण त्यातला नायट्रोजन सुटण्याआधी त्यालाही याच सूक्ष्मजीवांच्या हातून जावं लागतं.

एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत सापडली नाही: चर कोंब फुटण्याआधी खणला होता की नंतर? मोसोचा कोंब साधारण दोन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, तीही पानं येण्याआधी, म्हणजे बराचसा नायट्रोजन जुन्या बांबूंकडून आणि जमिनीखालच्या साठ्यातून घेत. त्या दिवसांतली माती आणि एरवीची माती एकाच तक्त्यात बसवता येणार नाही. तारीख कळली तर पुढचं बोलू.