सीट बदलली तर जादा घेतलेले पैसे तरी परत द्या
बोर्डिंगच्या आधी एअरलाईनवाले परस्पर सीट बदलतात हे लेखात लिहिलंय ते अगदी खरंय. आईचे गुडघे दुखतात म्हणून जादा पैसे भरून पुढची कडेची सीट घेतलेली, साताऱ्यातनं रात्रीच निघून पुण्याच्या लोहगाव विमानतळावर पोचलो तर पार मागची मधली सीट, काउंटरवर विचारलं तर म्हणे विमान बदललंय. बरं, विमान बदललं की सीटांची रचना बदलते हे मान्य, पण मग पैसे आपणहून परत करायला काय होतंय?? डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२४ ला १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या (म्हणजे एकाच बुकिंगवरच्या) आईवडिलांपैकी एकाजवळ सीट द्यायला सांगितलंय, तसाच नियम म्हाताऱ्या माणसांसाठी पण पाहिजे. सीटच्या पावतीचा स्क्रीनशॉट ठेवा आणि एअरसेवा या विमान प्रवाशांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकाच.