म्हणे, कोणी जेवून ज्ञानी झालं नाही

सहाव्या दिवशी पहाटे मावशी देवघरासमोर भिंतीला टेकून बसलेली सापडली. पातळ घामाने चिंब, जीभ जड झालेली, आणि चेहऱ्यावर मात्र समाधान. मावसभावाने घरच्या यंत्रावर साखर बघितली, तर ५१. लगेच साखरपाणी पाजलं, दवाखान्यात नेलं, दोन दिवस सलाईन चाललं. नीट शुद्धीवर आल्यावर तिचं पहिलं वाक्य: "अरे, आज्ञाचक्र उघडत होतं माझं. मध्येच कशाला उठवलंत?"

तिच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला होता. त्यानंतर तोच मला आणखी तीन ग्रुपवर भेटला, म्हणजे तुमच्याकडेही आला असणार. 'सर्व धर्मांचे एकच गुपित' असं त्याचं शीर्षक. बुद्ध ४९ दिवस उपाशी बसले तेव्हा बोध झाला. येशू ४० दिवस, पैगंबर ४० दिवस, महावीर बारा वर्षं, तुकोबा १३ दिवस. कोणी जेवून ज्ञानी झालं नाही. २०१६ सालच्या नोबेलने हे सिद्धही केलं. म्हणून तुम्हीही ४१ दिवस फक्त पाण्यावर राहा. चक्कर आली, घाम सुटला, तर ती जागृतीची खूण, घाबरून डॉक्टरकडे धावू नका. ४२व्या दिवशी पुरणपोळीने पारणं करा. खाली हात जोडलेले सात इमोजी.

मावशी ६८ वर्षांची. पंधरा वर्षं मधुमेह. जेवण सोडलं, पण साखरेची गोळी मात्र ती इमानाने घेत राहिली.

आधी बुद्ध, कारण तिथे मेसेज लिहिणाऱ्याने कमाल केली आहे. उपाशी राहून ज्ञान मिळत नाही, हे ज्या माणसाने स्वतःच्या हाडांची काडं करून शोधलं, त्यालाच यांनी उपासाचा जाहिरातदार केलं. मज्झिम निकाय या बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहात महासच्चक सुत्त आहे, ३६वं. त्यात बुद्ध स्वतःच्या तोंडाने सांगतात. अन्न कमी करत करत इतकं कमी केलं की पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागायचा. अंगावरून हात फिरवला की मुळं कुजलेले केस गळून पडायचे. लघवीला उठलं की तोंडावर आपटायचे. आणि एवढं करून हाती काय लागलं? काही नाही. मग त्यांना आठवलं, की लहानपणी वडील शेतात असताना आपण जांभळीच्या सावलीत बसलो होतो आणि मन आपोआप स्थिर झालं होतं. वाट बहुधा ती असावी. पण इतक्या खंगलेल्या शरीराने ते सुख मिळणं सोपं नाही. म्हणून त्यांनी ठरवलं की जेवायचं, आणि भात खाल्ला. बरोबरचे पाच तपस्वी 'हा चैनीला लागला' म्हणून चिडून निघून गेले. बोध झाला तो या जेवणानंतर. पुढे त्याच पाच जणांना पहिला उपदेश केला, त्याची सुरुवातच अशी की चैन हे एक टोक आणि शरीराला छळणं हे दुसरं, दोन्ही सोडा.

मग ४९ हा आकडा आला कुठून? तोही फुकटचा नाही. जातककथांच्या प्रस्तावनेत, निदानकथेत, सुजाताच्या खिरीचा प्रसंग आहे. त्या खिरीचे ४९ घास करून त्यांनी खाल्ले, ते पुढच्या सात आठवड्यांना पुरले, असं परंपरा सांगते. हे सात आठवडे बोध झाल्यानंतरचे. म्हणजे क्रम असा: आधी खीर, मग बोध, मग ४९ दिवस. मेसेजवाल्याने खीर गिळली आणि बाकीचं उलटं करून आपल्याला वाढलं.

बौद्ध ग्रंथ मावशीला परके वाटतील, म्हणून मी तिला छांदोग्य उपनिषद सांगितलं. सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या पोराला, श्वेतकेतूला, म्हणतात: पंधरा दिवस जेवू नकोस, पाणी हवं तेवढं पी. म्हणजे मेसेजमधलाच प्रयोग, फक्त अडीच-तीन हजार वर्षं आधी. सोळाव्या दिवशी बाप म्हणतो, ऋचा म्हण, यजू म्हण, साम म्हण. बारा वर्षं गुरूकडे शिकून आलेलं पोर सांगतं, काही सुचत नाही हो. बाप म्हणतो, जा, जेवून ये. जेवून आल्यावर विचाराल ते घडाघडा येतं. मन अन्नाचंच बनलेलं आहे, हे बापाला शिकवायचं होतं. सहाव्या दिवशी आमच्या मावशीला जावयाचं नाव आठवत नव्हतं, ते याच खात्यातलं.

बाकीचे झटपट आटोपतो. पैगंबर हिरा गुहेत जायचे ते शिदोरी घेऊन, आणि ती संपली की पत्नी खदीजांकडे परत येऊन पुन्हा घेऊन जायचे, असं बुखारीच्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींच्या संग्रहात, अगदी सुरुवातीला आहे. रोजा सूर्यास्ताला सुटतो. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच सवलत आहे, रोजा पुढे कधीतरी भरून काढा म्हणून. येशूचे ४० दिवस खरे, पण बाप्तिस्मा आणि आकाशवाणी त्या आधीची. उपासानंतर आला तो सैतान, आणि तो म्हणाला काय, तर धोंड्यांच्या भाकरी कर. शिवाय कॅथलिक चर्चच्या नियमात उपासाची सक्ती साठीच्या उंबरठ्यावर संपते, म्हणजे मावशीला रोमनेही घरी पाठवलं असतं. गीतेचा सहावा अध्याय तर ती रोज म्हणते. फार खाणाऱ्याला योग नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही, हा त्यातला सोळावा श्लोक. इतकी वर्षं तोंडात होता, उपयोगाच्या वेळी आठवला नाही. आणि कबीर! उपाशीपोटी भक्ती होत नाही, ही घे तुझी माळ परत, असं देवालाच सुनावून त्यांनी दोन शेर पीठ, पाव शेर तूप, मीठ आणि अर्धा शेर डाळ मागितली. गुरू ग्रंथ साहिबात ही यादी आजही वाचता येते.

आता जे मान्य करायला हवं ते करतो, जिवावर आलं तरी. महावीरांबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. जैन तपात अनशन खरोखरच पहिलं, आणि कैवल्यज्ञान झालं तेव्हा महावीरांना पाण्याशिवायचा उपवास होता, असं कल्पसूत्र सांगतं. पण बारा वर्षं अखंड उपाशी? भिक्षेला जात होतेच की. आणि त्याच परंपरेत भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं, उणोदरी, हेही तपच मानतात. ते फॉरवर्डमध्ये येत नाही, कारण त्यात थरार नाही. २०१६ मध्येच हैदराबादला १३ वर्षांची एक मुलगी ६८ दिवसांच्या उपवासानंतर गेली, तेही येत नाही. तुकोबांचे १३ दिवसही कथेत आहेत. पण तो गाथा इंद्रायणीत बुडवावी लागली म्हणून देवाच्या दारी धरलेला हट्ट होता. एकादशीबाबत ते कडक होते, कबूल. तरी दुसऱ्या दिवशी द्वादशी असतेच.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे अन्न पूर्ण सोडण्याची परंपरा आहे, पण ती कशासाठी? गोव्याचे धर्मानंद कोसंबी, ज्यांनी मराठी माणसाला पालीतला बुद्ध वाचायला दिला, त्यांनी जून १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केलं. जैनांचा संथाराही त्यासाठीच. ही जाण्याची तयारी आहे, आणि ती करणाऱ्यांनी कधी तिला दुसरं नाव दिलं नाही. मेसेज तीच गोष्ट जागृती म्हणून वाटतो आहे, गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसांना.

नोबेलचं म्हणाल तर योशिनोरी ओसुमी या जपानी शास्त्रज्ञाला ते मिळालं हे खरं. पेशी स्वतःचेच जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरतात, हे त्यांनी शोधलं ते यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवतो त्या किण्वात. यीस्टला साधना नसते.

आणि ती घामाची 'खूण'. साखर उतरवणारी गोळी पोटात गेली आणि वरून अन्न गेलं नाही, की साखर घसरत जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस असंबद्ध बोलतो, मग बेशुद्ध. आणखी उशीर झाला तर मेंदू. नेमक्या याच लक्षणांना 'घाबरू नका' म्हणणारा माणूस अडाणी आहे की दुष्ट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ४१ दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीरात एकदम पुरणपोळी ढकलली तर रक्तातले क्षार कोसळून हृदय बंद पडू शकतं. म्हणजे पहिल्या सूचनेतून वाचलेल्यांची शेवटच्या सूचनेत सोय केलेली आहे.

हे सगळं मी मावशीला बसून ऐकवलं. बुद्धावर ती गप्प राहिली, नोबेलवर जांभई दिली. श्वेतकेतूची गोष्ट मात्र दोनदा सांगायला लावली.

"मग शेवटी काय जेवला रे तो पोरगा?"

उपनिषदात ते लिहिलेलं नाही. मी मऊ भात आणि मेतकूट सांगितलं. तिने ते तसंच, मेतकुटासकट, भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय.