‘एका थेंबात कॅन्सर’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या फिरणारा दावा थोडक्यात असा: वर्तुळाकार आरएनए (दोन्ही टोकं जुळून कडी झालेला आरएनए) हा नुकताच सापडलेला रेणू कधीच नष्ट होत नाही, रोगकारक मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारे छोटे आरएनए) स्पंजसारखा शोषून घेतो आणि त्यामुळे रक्ताच्या एका थेंबातून कॅन्सर लक्षणांआधीच कळतो. रेणू खरा आहे. बाकीचं तपासू.

नुकताच? पेशींतली ही कडी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली १९७९ मध्येच दिसली होती. पुढे बराच काळ तिला स्प्लायसिंगमधली (आरएनएचे तुकडे कापून जोडण्याच्या प्रक्रियेतली) चूक समजून कुणी फारसं विचारलं नाही.

नष्ट होत नाही? कडीला मोकळं टोक नसतं, म्हणून टोकापासून कुरतडणाऱ्या एन्झाइमांचं तिच्यापुढे काही चालत नाही. त्यामुळे ती जास्त टिकते, इतकंच. मधूनच कापणारी एन्झाइमं आहेतच. विषाणू शिरला की त्यांतलंच एक, आरएनेझ-एल, या कड्यांचा फडशा पाडतं.

स्पंजची गोष्ट मात्र नीट बघण्यासारखी आहे. सीडीआर१एएस या कडीवर मिर-७ हा मायक्रोआरएनए बसण्याच्या सत्तरहून अधिक जागा आहेत, हे २०१३ मध्ये गाजलं आणि मग जी ती कडी स्पंज ठरू लागली. बहुतेक कड्यांवर एवढ्या जागा नसतात, पेशीत त्यांच्या प्रतीही मोजक्याच असतात. स्पंज काढला तर मिर-७ वाढायला हवं, पण खुद्द सीडीआर१एएस काढून टाकलेल्या उंदरांच्या मेंदूत ते उलट घटलं (२०१७). म्हणजे ती त्याला सांभाळतही असावी! मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये हीच कडी खलनायक ठरली होती. २०२० मध्ये गाठीचे काप तपासले, तर ती कॅन्सरपेशींत नव्हतीच, आजूबाजूच्या आधारपेशींत होती. अख्खी गाठ वाटून मोजल्यावर हे दिसणार कसं?

आता तो थेंब. प्लेटलेट्स आणि तांबड्या पेशींतच या कड्या भरपूर असतात. नमुना घेताना थोड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात, आणि त्याचा गाठीशी संबंध नसतो.

शिवाय हिशेब करा. समजा, लक्षणं नसलेल्या १०,००० जणांत ५० जणांना कॅन्सर आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी (रुग्ण ओळखण्यात आणि निरोगी ओळखण्यातही) ९५ टक्के अचूक आहे. ती ४७-४८ रुग्ण पकडेल, पण सोबत जवळपास ५०० निरोगी माणसांनाही ‘पॉझिटिव्ह’ म्हणेल. आणि ९५ टक्के हे मी उदार मनाने धरलेत: यातले बरेचसे अभ्यास निदान झालेले रुग्ण आणि ठणठणीत माणसं शेजारी ठेवून केलेले असतात, त्यामुळे अचूकता फुगलेली दिसते.