नाव काय, कोणाकडे आलात?

काजूची फॅक्टरी बंद पडली तेव्हा मला ४७वं लागलं होतं. सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीच्या साहेबांनी विचारलं, "अनुभव?" म्हटलं, "काहीच नाही." "छान," ते म्हणाले, "म्हणजे ड्युटीवर झोपायचाही नसेल." कायद्याने ६५ वर्षांपर्यंत सुरक्षारक्षक होता येतं. त्या हिशोबाने मी अजून होतकरूच होतो.

हा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा. त्याच्या नियमांत माझ्या देहाचा फार बारकाईने विचार केलेला आहे. उंची १६० सेंटिमीटर, छाती ८०, फुगवल्यावर आणखी ४, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावायचं. उंची कशीबशी भरली. छातीसाठी जो श्वास घेतला तो टेप गुंडाळून खिशात जाईपर्यंत सोडला नाही. धावणं झालं शिरोड्याच्या वेळागरच्या पुळणीवर, भर दुपारी, अनवाणी. सहा मिनिटांच्या आत पोचलो, पण ते श्रेय तब्येतीचं नव्हे, तापलेल्या वाळूचं.

मग प्रशिक्षण. १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष. फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार शिकवायचे. आग कशी विझवायची, बॉम्ब कसा ओळखायचा, लष्करातल्या अधिकाऱ्याचा हुद्दा खांद्यावरून कसा वाचायचा, ओळखपत्र कसं तपासायचं. सगळं पाठ झालं. फक्त ओळखीच्या माणसाकडे ओळखपत्र कसं मागायचं, हे १६० तासांत कुठेच आलं नाही.

गणवेश मिळाला तो माझ्याहून धिप्पाड माणसाचा. बूट नऊ नंबरचे, पाय सातचे. पोलिसांसारखा दिसणारा गणवेश घातला तर या कायद्यात कैदेची तरतूद आहे. आईने मला बघितलं आणि ती भीती गेली. "शिमग्याचा सोंग दिसतस," ती म्हणाली. तिचा या नोकरीला तात्त्विक विरोधही होता. शेजारच्या आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाची गस्त घालतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या भल्यामोठ्या चपला वाहतात. "राखण वेतोबा करता. तुका वेगळो पगार कित्याक?" याला उत्तर नव्हतं. वेतोबाच्या चपला निदान त्याच्या मापाच्या असाव्यात, एवढंच मनात आलं.

कामाची जागा आमच्याच वाडीला लागून. मुंबईकरांचे २४ फ्लॅट, बहुतेक वर्षभर बंद. रात्री आठ ते सकाळी आठ गेटवर बसायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाची नोंद रजिस्टरात करायची. नाव, कुठून आलात, कोणाकडे, काम काय, येण्याची वेळ, जाण्याची वेळ.

पहिल्याच संध्याकाळी तात्या आले. कंपाउंडातून समुद्राकडे जायची वाट जवळची पडते, आणि बिल्डिंग नव्हती तेव्हापासून ते तिथूनच जातात.

मी उभा राहिलो, छाती ८४ केली आणि म्हणालो, "नाव काय?"

तात्या मागे वळून बघायला लागले. मागे कोणी नव्हतं.

"माझा नाव? मेल्या, तुझ्या बारशाक जेवान इलंय मी!"

"नियम आहे, तात्या. सही करा."

"ह्याच शिरोड्यात १९३० साली आमच्या लोकांनी इंग्रजांचो मिठाचो कायदो मोडलो. आणि तू माका वही दाखवतस?"

सत्याग्रहींच्या गावात वॉचमन होणं हा मुळातच चुकीचा निर्णय होता, पण बूट घालून झाले होते. तात्या गेले. त्यांच्यामागून कोणाची तरी गाय गेली. तिलाही मी अडवलं नाही. मासळीवाल्या काकींनी मात्र रजिस्टर मन लावून बघितलं आणि त्याचं एक पान मागितलं, बांगडे बांधायला.

रात्री दोनला पत्र्याच्या शेडवर धाडकन आवाज झाला. प्रशिक्षणात सांगितलं होतं, आधी शांतपणे अंदाज घ्या. मी आधी शिट्टी फुंकली. नंतरही फुंकतच राहिलो. पाच मिनिटांत अख्खी वाडी बॅटऱ्या, कोयते आणि पोरंबाळं घेऊन गेटातून आत. एकानेही सही केली नाही. शेडच्या मागे एक नारळ पडला होता.

"एवढ्याक उठवलंस?" तात्यांनी विचारलं, आणि नारळ कानाशी हलवून पाणी किती आहे ते पाहिलं.

सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींचा मुंबईहून फोन आला, रजिस्टरचा फोटो पाठवा. मी बसून ३७ नावं एकाच अक्षरात लिहून काढली. 'काम' या रकान्यात सगळ्यांपुढे 'चोर बघणे'. शेवटची नोंद तेवढी खरी आणि पूर्ण होती. नाव: नारळ. कुठून: वरून. कोणाकडे: शेड. येण्याची वेळ: २.०५. जाण्याची वेळ: २.४०, तात्यांबरोबर.