दोन चौकटींमधली जागा : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चित्रकथांमधील स्त्री-पुरुषांच्या निखळ मैत्रीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही दिलेली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली आणि दोन दिवस थांबून मगच हे उत्तर लिहायला बसले, कारण त्याच रात्री लिहिले असते तर त्यात विचारापेक्षा संताप अधिक उतरला असता. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. वेताळ (चित्रकथेतील 'फँटम') आणि त्याची प्रेयसी डायना यांच्या लग्नाचे साल मी चुकवले, असे तुम्ही दाखवून दिले आहे. मी कौतुक केलेल्या जोड्यांमध्ये दोघे बरोबरीचे नसतात, इंग्रजी चित्रकथेतील विली गार्विन त्या कथेच्या नायिकेला, मॉडेस्टी ब्लेझला, 'प्रिन्सेस' म्हणत तिच्या शब्दात राहतो आणि द्रौपदीचा सखा कृष्ण तर देवच आहे, म्हणून याला मैत्री न म्हणता सेवा किंवा कृपा म्हणावे, असे तुमचे म्हणणे आहे. भारतीय चित्रकथेतील बहादूर आणि बेला यांना मी का वगळले, असेही तुम्ही विचारले आहे. शेवटी एक वाक्य आहे, ते तुमच्याच शब्दांत देते : "ज्या गावात मुलगा आणि मुलगी एका बाकावर बसत नाहीत, त्या गावातल्या बाईंनी अशा मैत्रीवर लिहिणे म्हणजे विहिरीच्या काठावर बसून समुद्राचे वर्णन करणे होय; त्यांनी आपले पऱ्हाटी-तुरीवर लिहावे." (पऱ्हाटी म्हणजे कपाशी.)

सालाची चूक माझीच आहे आणि ती मी मान्य करते. ली फॉक यांनी वेताळाची कथा १९३६ साली सुरू केली आणि त्याचे डायनाशी लग्न १९७७ साली लावले. मी १९७८ लिहिले होते. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. मात्र या दुरुस्तीने माझे म्हणणे एका वर्षाने अधिक खरे ठरते, असे नाही आणि कमी खरे ठरते, असेही नाही. ४१ वर्षे लांबलेले लग्न हे लांबलेले लग्नच असते, आणि त्याच लेखकाचा जादूगार मॅन्ड्रेक तर १९३४ पासून प्रेयसी नार्डाच्या सोबत असून त्यांचे लग्न १९९७ साली लागले. अशा जोड्यांना मी मैत्रीच्या यादीत धरले नाही, याचे कारण इतकेच की त्यांत वाचकाला पहिल्या दिवसापासून शेवट ठाऊक असतो आणि तो फक्त मुहूर्ताची वाट पाहत असतो.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे वळते. त्यातील 'बाईंनी' या शब्दावर मी बराच वेळ अडले. गेली २८ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मी शिकवते आणि आमच्याकडची मुले मला बाई म्हणूनच हाक मारतात. त्या हाकेत जो मान असतो, तो तुमच्या वाक्यात मला कुठेही आढळला नाही. मतभेद कळवण्याचे अनेक मार्ग मराठीत आहेत. तुम्ही लेखातील विधान खोडले असते तर मला आनंदच झाला असता, पण तुम्ही विधानाला हात न लावता लेखिकेचे गाव विचारात घेतले आणि त्या गावावरून तिची पात्रता ठरवली. शहरातील एखाद्या लेखकाने हाच लेख लिहिला असता तर त्याच्या घरासमोर समुद्र आहे की विहीर, हे तुम्ही विचारले असते का, याचे प्रामाणिक उत्तर तुम्ही स्वतःला तरी द्यावे.

आमच्या शाळेत मुलगा आणि मुलगी एका बाकावर बसत नसत, हे खरे आहे, कारण आमच्या शाळेत बाकच नव्हते. आम्ही टाटपट्टीवर बसत होतो, मुलींची पट्टी खिडकीकडे आणि मुलांची दाराकडे. गाव दारव्हा तालुक्यातले, तेव्हा यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या 'शकुंतला' या छोट्या रेल्वेगाडीच्या मार्गाजवळचे. १९८३ साली मी आठवीत होते. दाराकडच्या पट्टीवर शिवणकाम करणाऱ्या घरातला एक मुलगा बसे, जो दर आठवड्याला वडिलांबरोबर दोरे-बटणे आणायला दारव्ह्याला जाई आणि येताना एस. टी. स्टँडजवळच्या दुकानातून चार आण्यांच्या भाड्याने एक इंद्रजाल कॉमिक्स घेऊन येई. १९६४ पासून निघणारी आणि १९९० साली बंद पडलेली ही मालिका मराठीतही येत असे, आणि आमच्या गावात तिचे वाचक आम्ही दोघेच होतो. पुस्तक एक आणि वाचणारे दोन, म्हणून ते आधी तो वाचून काढी, मग माझ्या दप्तरात येई, आणि परत करण्याच्या दिवशी स्टेशनच्या फलाटावर गाडी येईपर्यंत आम्ही त्यावर बोलत असू. मॅन्ड्रेकच्या सोबत असणारा लोथार हा त्याचा मित्र की नोकर, यावर आमचा एक वाद पूर्ण पावसाळाभर चालला. त्या वयात माझ्याशी कुणी एखाद्या विचारावर भांडत नसे. घरात मला कामे सांगितली जात आणि शाळेत प्रश्न विचारले जात. तो माझ्याशी भांडत असे, आणि माझे पटले तर तसे म्हणत असे.

चित्रकथा वाचणाऱ्याला ठाऊक असते की दोन चौकटींच्या मध्ये एक पांढरी पट्टी असते, जिथे काहीही काढलेले नसते. एका चौकटीत माणूस दार उघडतो, पुढच्या चौकटीत तो रस्त्यावर असतो, आणि मधले चालणे वाचक मनाने भरतो. आमच्या गावाने हेच केले. फलाटावर एक मुलगी आणि एक मुलगा एकाच पुस्तकावर मान घालून बसलेले, ही एक चौकट लोकांनी पाहिली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच. मधली जागा त्यांनी त्यांना माहीत असलेल्या एकाच कथेने भरून टाकली. "पोरीवर ध्यान ठेवा," असे कुणीतरी वडिलांना सांगितले आणि माझी शाळा महिनाभर बंद झाली. त्या महिन्यात कापसाच्या वेचणीला मी रोज गेले आणि एकही ओळ वाचली नाही. जिने मला पुन्हा शाळेत पाठवले ती माझी आई अक्षरओळख नसलेली होती, आणि तिने वडिलांना विचारलेला प्रश्न एवढाच होता की पोरीने नेमके केले काय.

म्हणून टिनटिन या तरुण वार्ताहराच्या चित्रकथा-मालिकेतील कास्टाफिओरेच्या पाचूची गोष्ट मी जेव्हा खूप पुढे, नोकरी लागल्यावर वाचली, तेव्हा ती मला परक्या देशाची वाटली नाही. हर्जे यांचा हा आल्बम १९६३ सालचा. गायिका बियांका कास्टाफिओरे टिनटिनचा मित्र कॅप्टन हॅडॉक याच्या घरी मुक्कामाला येते, दोघे बागेत दिसतात, आणि वार्ताहर घरातल्या प्रोफेसर कॅल्क्युलसला त्यांच्या लग्नाबद्दल विचारतात. प्रोफेसरांना ऐकू कमी येते. आपण फुलवलेल्या गुलाबाबद्दल प्रश्न आहे असे समजून ते होकार देतात आणि मासिकात लग्नाची बातमी छापून येते. अभिनंदनाच्या तारा येतात, गावचा बँड दारात येऊन वाजवू लागतो. लोक हे पान हसत वाचतात. मला ते हसत वाचता आले नाही. त्या दोघांना मित्र म्हणणे तुम्हाला अतिशयोक्ती वाटेल, कारण हॅडॉकला तिचे गाणे सहन होत नाही आणि तिला त्याचे नाव धड लक्षात राहत नाही. पण बोर्डुरिया या काल्पनिक देशाच्या पोलिसांपासून टिनटिनला आणि हॅडॉकला आपल्या कपड्यांच्या कपाटात लपवते ती हीच बाई, आणि ती परदेशात तुरुंगात पडते तेव्हा तिच्यासाठी निघतो तोही हाच माणूस. नाव लक्षात न ठेवणाऱ्या मैत्रिणीसाठी समुद्र ओलांडणे, याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा माझ्या मोठ्या आत्याने एक तोडगा सुचवला होता : पौर्णिमेला त्या मुलाला राखी बांध, म्हणजे लोकांची तोंडे बंद होतील. आमच्याकडे स्त्री-पुरुषांच्या स्नेहाला गावाची परवानगी मिळवण्याचा हा राजमार्ग आहे. मानलेला भाऊ ही जागा गावाला मान्य असते. मला राखीबद्दल आदर आहे, मी सख्ख्या भावाला ती आजही बांधते. पण मी नकार दिला, आणि विशेष म्हणजे त्यानेही दिला. "आपण भाऊ-बहीण नाही, मग खोटं कशाला बोलायचं?" असे तो म्हणाला, आणि तेराव्या वर्षी बोललेल्या या वाक्याहून अधिक नेमके या विषयावर मी अद्याप वाचलेले नाही. द्रौपदीचेही आपण तेच केले आहे. महाभारताच्या वनपर्वात ती स्वतःला कृष्णाची सखी म्हणवते. लोकपरंपरेत मात्र, कृष्णाच्या कापलेल्या बोटाला पदर फाडून बांधण्याच्या गोष्टीनंतर, तो तिचा भाऊ होतो. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या अमर चित्रकथेतून या दोघांची चित्रे माझ्या विद्यार्थ्यांच्या हातात येतात, आणि कुणी ना कुणी विचारतेच, "बाई, तो तिचा कोण लागतो?" मी त्यांना वनपर्वातला शब्द सांगते.

तो मुलगा आज माझ्याच वयाचा, म्हणजे पन्नाशी ओलांडलेला आहे. तो कपडे शिवतो आणि पाच एकरांत पऱ्हाटी व तूर घेतो. काही वर्षांपूर्वी माझ्या पतीची हृदयशस्त्रक्रिया झाली तेव्हा नागपूरच्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात नऊ रात्री तो सतरंजी टाकून झोपला, आणि त्या नऊ दिवसांत त्याच्या शेतातली वेचणी त्याच्या पत्नीने एकटीने उरकली. तिने मला कधीही तो माझा कोण लागतो, असे विचारलेले नाही. आता तुम्ही सांगा, विहिरीच्या काठावर बसून मी कशाचे वर्णन केले?

राहिलेल्या गोष्टींना फार जागा लागणार नाही. आबिद सुरती यांचा बहादूर मला प्रिय आहे, पण बेला त्याची प्रेयसी आहे, म्हणून ती त्या लेखात नव्हती. बरोबरीच्या मुद्द्याबद्दल सांगायचे तर मॉडेस्टी आणि विली यांना १९६३ ते २००१ इतक्या वर्षांत पीटर ओ'डॉनेल यांनी एकदाही प्रेमी केले नाही, दोघांनाही आपापली प्रेमप्रकरणे दिली आणि तरीही जिवावरच्या प्रसंगी एकमेकांकडेच पाठवले. संबोधनावरून कोण मोठा आणि कोण लहान हे ठरवायचे असेल तर ते तुम्ही ठरवा, मला त्याची गरज वाटत नाही. लोथारवर भांडताना आठवीतच आम्ही हा प्रश्न हाताळला होता. आर्ची या अमेरिकन चित्रकथेतील जगहेड आणि बेटी यांचे उदाहरण मात्र तुमच्या नजरेतून सुटले, आणि ते सुटायला नको होते, कारण तेच माझ्या लेखाचे मर्म होते : ज्या जगहेडला प्रेमप्रकरणांत रसच नाही असे चित्रकथेने वर्षानुवर्षे दाखवले आणि २०१६ साली उघड शब्दांत सांगितलेही, त्याच जगहेडला पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत बेटीचा प्रियकर करण्यात आले. मधली पांढरी जागा रिकामी राहिलेली मालिकावाल्यांनाही पाहवत नाही आणि गावालाही पाहवत नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही आणि टाकणारही नाही. पऱ्हाटीवर लिहावे हा तुमचा सल्ला तुम्ही कोणत्या हेतूने दिला ते मला कळते, पण पऱ्हाटीवर मी लिहितेच. गुलाबी बोंडअळीवरचे माझे दोन लेख तुम्हाला याच ठिकाणी सापडतील. पुढचा लेख चित्रकथेतील काउबॉय लकी ल्यूक आणि कॅलॅमिटी जेन यांच्यावर असेल. त्यावर काही लिहावेसे वाटले तर लेख वाचून लिहावे, एवढी विनंती आहे.